नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं गाव सुचवा

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
नमस्कार. बदलीमुळे यंदाच नागपूरला आलोय. डिसेंबरच्या शेवटी साताऱ्याहून आई-बाबा येताहेत, सोबत आमची दोन मुलं. सफारी आणि रिसॉर्ट नको. छोटं गाव, शेतं आणि आसपास बघण्यासारखं काही असेल तर सांगा. बाबा शेतकरी, त्यांना इकडची शेती बघायची फार हौस आहे. आईचे गुडघे दुखतात. गाडी आहे. जेवणाची सोय कशी करावी?

रामटेककडचा
ताई, नगरधनला जा. रामटेकच्या अलीकडे आठ-नऊ किलोमीटरवर आहे, पण लोक सरळ गडमंदिर, म्हणजे रामटेकच्या टेकडीवरचं राममंदिर, गाठतात आणि हे गाव राहूनच जातं, याचं मला फार वाईट वाटतं. हेच वाकाटक राजांच्या जुन्या राजधानीचं, नंदिवर्धनाचं ठिकाण. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथली राणी. नवरा गेला, मुलं लहान, तेव्हा कारभार तिनंच सांभाळला. उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. त्यावर ब्राह्मी अक्षरं आहेत आणि शंख आहे. मुलांना आधी एवढं सांगून न्या, मग गावातली साधी जमीनही वेगळी दिसेल. आज उभा आहे तो किल्ला मात्र नागपूरकर भोसल्यांच्या काळातला.

बाबांसाठी खरी गंमत बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांमध्ये आहे. हा धानाचा पट्टा. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी फेकतात. नांगर नाही, वेगळं पाणी नाही, जमिनीतल्या उरल्या ओलीवरच ती वाढते. डिसेंबरअखेर धसकटांमधून निळी फुलं डोकावतात. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला हे दाखवाच. बांधावर कुणी भेटलं तर बाबांना बोलू द्या, तुम्ही घाई करू नका.

गडमंदिराला वरपर्यंत गाडी जाते, आईंना जमेल. माकडांपासून प्रसाद सांभाळा. परतताना मनसरला हिडिंबा टेकडीवर विटांचं जुनं बांधकाम आहे, तिथे चढ आहे, आईंनी खालीच थांबावं.

काटोल रोड
संत्री बघायची असतील तर काटोल-नरखेडकडे या. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या फळांची) तोड डिसेंबरअखेर संपत येते, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या फळांची) फेब्रुवारी-मार्चमध्ये. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुष्कळ बागा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला दिलेल्या असतात. मग मालकालाही तुम्हाला दोन फळं तोडून देता येत नाहीत. न विचारता हात लावू नका, मुलांनाही सांगून ठेवा. वाटेत जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनं. मोठाले दगड गोल मांडलेले आहेत.

उमरेडवाली
मुलं आहेत तर रामटेकजवळचा खिंडसी तलाव ठेवा, नुसते किल्ले बघून कंटाळतील. पण रामटेक आणि काटोल या दोन्ही दिशा एका दिवसात करू नका. गाव म्हणजे बसून राहायची जागा आहे, खिडकीतून बघायची नाही.

प्रश्न (मानेवाडा)
नगरधन पक्कं! बाबा लाखोळीचं ऐकून आताच फोनवर प्रश्न विचारताहेत. जेवणाचं राहिलं.

रामटेककडचा
कुणाची ओळख काढून आदल्या दिवशी रोडगे सांगून ठेवा. ऐनवेळी होत नाहीत. कणकेचे थरावर थर देऊन गोळे करतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, मग राखेत दाबून ठेवतात. नंतर फडक्यानं राख झटकून गरम असतानाच फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. भाजी तिखट होते इकडे, मुलांसाठी कमी तिखटाची वेगळी काढायला सांगा. पैसे आधीच ठरवा, जेवण झाल्यावर घरचे लाजून घेत नाहीत. सकाळी निघताना स्वेटर घ्या, बांधावर नऊपर्यंत चांगलीच थंडी असते.