पीडीएफवर आमच्याच वाचनालयाचा शिक्का : फुकट पुस्तकं कुठली घ्यावीत, कुठली नाही?

ग्रंथपाल, गंगाखेड तालुका (धागाकर्ता)

परवा दिवेलागणीला एक पोरगा वाचनालयात आला. बारावीतला, गुणी. म्हणाला, "काका, ही कादंबरी मोबाईलवर वाचायलोय, लई भारी हाय." मी फोन हातात घेतला. पानं तिरपी, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, ओळींवर ट्यूबलाइटची चमक. पानं सरकवत गेलो आणि ४७व्या पानावर थांबलो. तिथं जांभळा गोल शिक्का होता. आमच्या वाचनालयाचा.

पहिलं पान फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणू नये, म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावरही आम्ही शिक्का मारतो. म्हणजे आमच्याकडून घरी नेलेलं पुस्तक कुणीतरी पानपान फोटो काढून ग्रुपवर सोडलं. लेखक आपल्याच भागातले, हयात आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांनी ती प्रत स्वतः आणून दिली होती. आता ते समोर आले तर त्यांना काय सांगू?

मी फुकट वाचण्याच्या विरोधात नाही. नाममात्र वर्गणीत लोकांना वाचायला देण्यातच माझी हयात गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की जे सगळ्यांचं झालंय ते पोटभर घ्या. जे लेखकानं अजून दिलेलं नाही त्याला हात लावू नका. आणि ही रेषा कुठं आहे ते कळायला वकील लागत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. आधी ५० होती, १९९२मध्ये ६० केली. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११पासून खुलं. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ १९५३ला गेले, त्यांचं २०१४पासून खुलं. अण्णाभाऊ साठे १९६९ला गेले, म्हणजे २०३० उजाडावं लागेल. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ला गेले, त्यांच्यासाठी २०४३.

खुल्या पुस्तकांचा तुटवडा नाही. मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयात आहेत, इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात जुन्या पुस्तकांचे ढीग आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं स्वतःहून मोफत उतरवून घ्यायला ठेवलीत. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. एवढं असताना हयात मास्तराचं पुस्तक कशाला?

लातूरच्या अभ्यासिकेतून

काका, तुमचा राग समजला. पण तुम्ही वाचनालयाच्या खुर्चीवरून बोलायलात, मी उसाच्या फडावरून बोलतो.

आम्ही धारूर तालुक्यातले. माझे आईबाप ऊसतोडीला कोयता घेऊन दिवाळीनंतर निघतात ते पाडव्याच्या आसपास परततात. सातवीपर्यंत मी पण टोळीबरोबर जायचो. एका वर्षी शाळेच्या पेटीतली तीन पुस्तकं नेली होती. आमच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, पाचट, त्यात अवकाळी पाऊस. पुस्तकं फुगून उशीएवढी झाली. गुरुजींनी दंड घेतला नाही, पण पुढच्या वर्षी पुस्तकंही दिली नाहीत. पुढं बापानं मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून फोन घेतला आणि त्यावर कुणीतरी पाठवलेली पहिली पीडीएफ मी वाचली. कोण लेखक, हक्क कुणाचा, काही माहीत नव्हतं. ती नसती तर मी आज अभ्यासिकेत नसतो.

आणि खुलं काय आहे, तर साठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांचं. आमच्या दुष्काळाबद्दल, आमच्या कोयत्याबद्दल लिहिणारे आज हयात आहेत. आम्ही आमच्याबद्दल वाचायला आणखी साठ-सत्तर वर्षं थांबायचं का? चोरी तेव्हा म्हणा जेव्हा माझ्याकडं पैसे असून मी विकत घेतलं नाही.

पुस्तकविक्रेता, नांदेड

लातूरच्या मित्रा, तुझ्या घरची गोष्ट खरी आहे, तिच्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण ग्रुपवर फाइल पाठवणारे तुझ्यासारखे किती आणि महिन्याला हजारांचा चहा-नाश्ता करणारे किती? माझ्या दुकानात गृहस्थ येतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि तिथंच उभं राहून ग्रुपवर विचारतात, 'हे कुणाकडं आहे का?' दोन मिनिटांत फाइल येते आणि ते हसून निघून जातात.

मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती पुष्कळदा हजार-पाचशे प्रतींची असते. त्यातल्या शंभर प्रती अशा गेल्या तर प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतच नाही. मग तुझ्या कोयत्यावर लिहिणारा पुढचं पुस्तक कुणाकडं घेऊन जाईल? माझ्याकडं आता कथा-कादंबरीचा एकच रॅक उरलाय. बाकी दुकान गाईड आणि प्रश्नसंच.

कथा लिहिणारी, अंबाजोगाई

मी लेखिका म्हणून लिहिते आणि तरीही धागाकर्त्या दादांच्या विरुद्ध बाजूला आहे.

माझा पहिला कथासंग्रह निघून बरीच वर्षं झाली. प्रती संपल्या, प्रकाशकांनी फोन घेणं बंद केलं. पुस्तक मेल्यातच जमा. मग कुणीतरी त्याची पीडीएफ फिरवली आणि जिंतूर, देगलूर, थेट बिदरहून मला फोन यायला लागले. एक बाई रडत होत्या. ते पुस्तक छापील असताना मला असा एकही फोन आला नव्हता. तुम्ही त्या माणसाला चोर म्हणाल, मला त्यानं माझं पुस्तक परत दिलं.

ग्रंथपाल, गंगाखेड तालुका

ताई, तुमच्या पुस्तकाचं तसं झालं याचं मला वाईट वाटतं. पण तुम्हाला आनंद झाला, तो हक्क तुमचा होता. आमच्या मास्तरांना कुणी विचारलंय का? तुम्ही खूश आहात म्हणून त्यांच्या वतीनं होकार कसा देता येईल?

एक गोष्ट तुमच्या कामाची. तुमचा करार काढून बघा. हक्क प्रकाशकाला लिहून दिलेला असेल पण मुदत लिहिलेली नसेल, तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात. त्यानंतर हक्क तुमच्याकडं परत. मग तुम्ही स्वतः ते पुस्तक मोफत देऊ शकता. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकाच्या परवानगीनंच मराठी पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत वाटतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे लोकांना मोफत घ्यायला-वाटायला मुभा देणारा, परवाना लावता येतो. हक्क कायमचा सोडायचा तर जाहीर सूचना देऊनही सोडता येतो. तिरपी पानं आणि कुणाचा तरी अंगठा, अशा रूपात तुमचं पुस्तक का फिरावं?

कथा लिहिणारी, अंबाजोगाई

पाच वर्षांचं मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. करार ट्रंकेत आहे, काढते. पण दादा, माझं मत तेच आहे. आपल्या भागात पुस्तक न मिळणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार कुणी करत नाही.

जि. प. शिक्षिका, हिंगोली

तुम्ही सगळे मोठ्यांच्या पुस्तकांवर भांडताय. माझ्या वर्गातल्या लेकरांना कादंबरी नको, गोष्ट हवी, आणि तिथं चोरीची गरजच पडत नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५पासून चालू आहे. मराठीत चित्रांच्या गोष्टी, पातळीप्रमाणे लावलेल्या, सगळ्या खुल्या परवान्याच्या. उतरवा, छापा, आपल्या बोलीत बदलून लिहा, सगळं चालतं. मी एक गोष्ट आमच्या तांड्यावरच्या लेकरांसाठी बंजारा बोलीत करून घेतली, त्यांच्याच आज्यांकडून. 'याडी' हा शब्द पडद्यावर दिसला तेव्हा दुसरीतली एक पोरगी उठून पडद्याजवळ गेली आणि त्यावर बोट ठेवून उभी राहिली. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची आणि बालसाहित्याची मराठी पुस्तकं आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तर पीडीएफमध्ये मोफतच मिळतात. तरी माझ्या शाळेतले पालक झेरॉक्सवाल्याला पैसे देतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

दृष्टिहीन वाचक, परभणी

कायदेशीर असो की चोरीचं, माझ्यासाठी दोन्हीकडं अडचण एकच आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे चित्र. माझा स्क्रीन रीडर त्यावर मुका होतो. काही पीडीएफ टाइप केलेल्या असतात, पण जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्र वाचायला गेलं की रोमन अक्षरांचा चिवडा ऐकू येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला अक्षर ओळखता येईल अशा पद्धतीत, असेल तरच ते माझ्यासाठी पुस्तक.

ग्रंथपाल सरांना एक सांगायचंय. २०१२च्या दुरुस्तीनंतर आमच्यासारख्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देण्याला कायद्यानंच मोकळीक आहे, लेखक हयात असला तरी. २०१६पासून आमच्यासारख्यांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, नोंदणी केली की तिथून घेता येतात. पण त्यात मराठवाड्यातलं काय सापडतं? आपण टाकू तेवढंच. तुमचं ते ४७व्या पानाचं पुस्तक मला कोण वाचून दाखवणार?

जुन्या पुस्तकांचा शोधी, छत्रपती संभाजीनगर

धागाकर्त्यांना माझा विरोध वेगळाच आहे. तुम्ही म्हणता 'खुलं आहे ते घ्या', जणू ते दारात ठेवलंय. शोधून बघा ना. आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुनी पुस्तकं स्कॅन करण्याच्या प्रकल्पातून आलेली हजारो पुस्तकं आहेत, पण कितीतरी नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिहिलेली. देवनागरीत शोधलं तर काहीच येत नाही. रोमनमध्ये शोधताना 'श'साठी कधी एस, कधी एसएच टाकावं लागतं, 'व'साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही. लेखकाच्या नुसत्या आडनावानं, नंतर शीर्षकातल्या एकाच शब्दानं शोधावं लागतं. एका पुस्तकासाठी मी अर्धी रात्र घालवलीय. मिळालं ते चाळीस-पन्नास एमबीचं, मधली आठ पानं गायब.

बी. रघुनाथांचं उदाहरण तुम्हीच दिलंत. हक्क संपून दहा वर्षं उलटली. मी आमच्या भागातल्या चार दुकानांत विचारलं, दोन ठिकाणी लेखकाचं नावही माहीत नव्हतं. निजामाच्या राज्यात कारभार आणि शिक्षण उर्दूत असताना ज्यांनी मराठीत लिहिलं, त्यांना आज मराठी राज्यात शोधत फिरायचं? कायद्यानं खुलं झालेलं पुस्तक कुणी टाइप केलं नाही तर ते कपाटातच राहतं. लेखकाचा हक्क जपायला सगळे उभे राहतात, वाचकाचा हक्क सुरू झाल्यावर मात्र कुणीच फिरकत नाही.

संतांचंही तसंच. नामदेव आपल्या नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे. अभंग आणि ओव्या केव्हाच सगळ्यांच्या. पण 'सार्थ' म्हणून मिळणाऱ्या प्रतीतला अर्थ पुष्कळदा अलीकडच्या अभ्यासकाचा असतो, त्याचा हक्क त्याच्याकडं. लोक तेही संतवाणी म्हणून बिनधास्त पुढं पाठवतात.

लातूरच्या अभ्यासिकेतून

शोधी सर, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत.

विक्रेते काका, तुमच्या दुकानात फोटो काढणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. काकांच्या शिक्क्याची ती कादंबरीची फाइल मी आमच्या ग्रुपवरून काढायला लावली. ग्रुपचा अ‍ॅडमिन आधी चिडला. मी त्याला म्हणालो, लेखक मास्तर आहेत, आपल्याच भागातले आहेत, त्यांनी स्वतःच्या हातानं ती प्रत वाचनालयाला दिली होती. मग गप झाला. पण माझ्या फोनमधली प्रत मी ठेवलीय आणि ती मी पूर्ण वाचणार. नोकरी लागली की छापील घेईन. हे कायद्यात बसत नाही, मला माहीत आहे. काकांनी मला चोर म्हटलं तरी चालेल.

ग्रंथपाल, गंगाखेड तालुका

बाळा, तुला चोर म्हणायला माझी जीभ उचलत नाही आणि तू केलंस ते बरोबर होतं असंही मला म्हणता येत नाही. जिवंत माणसाचं लेखन त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, यावरून मी हलणार नाही. मास्तरांना मी काल फोन करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "शेवटची पानं तरी आलीत का त्याच्यात?"

परभणीच्या दादांसाठी मी त्यांच्याकडं मूळ टाइप केलेली फाइल मागितलीय. छपाईसाठी ज्यांनी पुस्तकाची पानं लावली त्यांच्याकडं असली तर युनिकोडमध्ये बदलून घेऊ.

फडावरच्या पुस्तकांचं तू लिहिलंस ते मला लागलं. आमच्याकडं सात दिवसांची मुदत आहे. टोळीबरोबर जाणाऱ्या लेकरांना सात दिवसांची मुदत म्हणजे पुस्तक न देणंच. औंदा दिवाळीनंतर जी घरं निघतील, त्यांना परतेपर्यंत पुस्तकं देणार, भिजली तर भिजली. आणि विकिस्रोतावरून ईपब, म्हणजे मोबाईलवर वाचायच्या पुस्तकाची, फाइल उतरवता येते, ती एक-दोन एमबीत मावते, नेटवर्क नसलं तरी उघडते. वीसेक पुस्तकं एका मेमरी कार्डावर घालून देतो. पण ती सगळी जुनी असतील, तुझी ती तक्रार मी मिटवू शकत नाही.

जुन्या पुस्तकांचा शोधी, छत्रपती संभाजीनगर

विकिस्रोताचं काम मला येतं. डाव्या-उजव्या बाजूला मजकूर आणि स्कॅन केलेलं पान असतं, यंत्रानं ओळखलेली अक्षरं आपण दुरुस्त करायची. 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म' आणि रफार गायब, एवढ्या चुका धरल्या की निम्मं काम होतं. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा बघितलं की हिरवं. हिरवं करायला दुसरा माणूस लागतोच, एकट्यानं होत नाही. ग्रंथपाल सर, तुमच्याकडं बी. रघुनाथांची एखादी जुनी प्रत आहे का?

जि. प. शिक्षिका, हिंगोली

दुसरा माणूस मी. रोज रात्री दोन पानं, जास्त जमणार नाही.

ग्रंथपाल, गंगाखेड तालुका

आहे. पुठ्ठा सुटलाय, दोऱ्यानं बांधून ठेवलीय. आत्ताच उघडून बघितली. प्रस्तावना दुसऱ्या गृहस्थांची आहे आणि त्यांना जाऊन अजून साठ वर्षं झालेली नाहीत, तेव्हा ती नऊ पानं सोडून बाकीची स्कॅन करतो. रविवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा करतो. ४७व्या पानावर शिक्का याच्यातही आहे.