मदत हवी आहे: पोलिश मुलांचं लेखी इंग्रजी

नमस्कार मंडळी. पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला मतुरा (शाळा संपतानाची) परीक्षेच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. बोलतात झकास, निबंधात मात्र पोलिश डोकावतं. 'आय विल इव्हेन्च्युअली कम' म्हणजे त्यांच्या लेखी 'जमलं तर येईन', कारण पोलिशमधल्या 'एवेंतुआल्न्ये'चा अर्थ तोच. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ 'शेवटी येईनच', म्हणजे वाचणारा बसला वाट बघत! 'टेक अ फोटो'ऐवजी 'मेक अ फोटो' तर रोजचंच. 'अ', 'द' गाळतात त्यावर मी फार बोलत नाही. पोलिशमध्ये आर्टिकलच नाहीत, आपल्याकडे तरी कुठे आहेत?

अशा फसव्या (दिसायला सारख्या, अर्थाने वेगळ्या) शब्दांची यादी पाठ करून घेतली, तर चाचणीत बरोबर आणि निबंधात पुन्हा तेच. परभाषिकांना शिकवणारं कुणी आहे का इथे? चूक दुरुस्त करून द्यावी, की नुसती खूण करून त्यांनाच शोधायला लावावी?