जबाबदार पर्यटक: कशाला जबाबदार?

आडवाट
दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या एका किनाऱ्यावर कासवं बघायला येणाऱ्यांसाठी सूचनाफलक करतोय. मूळ मजकूर इंग्रजी, त्यात 'स्थानिकांचा आदर करा' अशीही एक ओळ आहे. 'रिस्पॉन्सिबल टुरिस्ट'ला मी सरळ 'जबाबदार पर्यटक' केलं. कच्चा मजकूर गावात दाखवला. एका काकूंनी 'जबाबदार पर्यटकांनी येथे नोंद करावी' असं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "काय केलं त्यांनी?" त्यांचंही बरोबर आहे. 'अपघाताला जबाबदार कोण' असंच आपण रोज वाचतो. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती
उत्तरदायी. जबाबदार म्हणजे अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार'. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो उगाच का? आणि फलकावर 'बॅटरी' असेल तर तिथे 'विजेरी' करा.

बाणकोटी
ताई, तो पट्टा म्हणजे वेळासची बाजू, नाना फडणविसांचं मूळ गाव. फडणविसातला 'नवीस' फारसी. त्यांनाही बदलून घेणार का? 😀
आणि बॅटरीला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाकडे धावतात. समुद्रावरचा उजेड सोडून तुमच्या मोबाईलकडे वळली की संपलं. अशा वेळी 'विजेरी मालवा' असं कोण ओरडणार? 'ए, बॅटरी बंद कर!'

शुद्धमती
ओरडायला आणि लिहायला भाषा वेगळी असते.

बाणकोटी
म्हणूनच फलक कोणी वाचत नाही.

पाटकरी
उत्तरदायी नको. 'शासन उत्तरदायी राहणार नाही' या वाक्याबाहेर तो शब्द मी पाहिलेला नाही. मुळात विशेषण लावायचंच कशाला? 'पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं' एवढं लिहा. कोणालाही कळतं.

आडवाट
पाहुणा पैसे देतो का, असं गावातलाच एक जण म्हणाला. :( ते आपसात 'पब्लिक' म्हणतात. 'आज लई पब्लिक आहे.'
आणखी एक अडलंय, 'कॅरिंग कपॅसिटी', म्हणजे एखाद्या जागेला किती माणसं सोसतील ते. शासकीय कागदात वहनक्षमता आणि धारणक्षमता दोन्ही सापडले.

पाटकरी
वहनक्षमता आमची, पाटबंधारेवाल्यांची! कालव्यातून सेकंदाला किती पाणी वाहील ती वहनक्षमता. माणसं किनाऱ्यावरून वाहत जात नाहीत (मे महिन्यातला शनिवार सोडला तर).

सडाफटिंग
मग धारणक्षमता. पण तीही मातीची जलधारणक्षमता म्हणून आधीच कामाला लागलेली. आमच्या साताऱ्याकडे कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी सुरू केली. तिथे क्षमता वगैरे कोणी बोलत नाही. 'त्याच्यावर झेपत नाही पठाराला.' झेपणे! मराठीत इतकं नेमकं क्रियापद असताना '-क्षमता' जोडत कशाला बसायचं?

शुद्धमती
झेपणे माणसाला. पठाराला कसं झेपेल?

सडाफटिंग
कातळावर वीतभरही माती नाही, त्या ओलीत 'सीतेची आसवं' ही फुलं उगवतात. तुडवली की गेली. पठारालाच झेपत नाही, दुसऱ्या कोणाला?

मालवणची_सून
तुम्ही सगळे 'स्थानिकांचा आदर' या ओळीवर गप्प का? आमच्या सिंधुदुर्गात यासाठी शब्द आहे, गावऱ्हाटी. देव, मानकरी, रीत, कोणत्या राईत पान तोडायचं नाही, सगळं त्यात येतं. देवराईलाही आमच्याकडे देवरहाटीच म्हणतात. 'गावऱ्हाटी सांभाळून फिरा' असं लिहा.

पाटकरी
शब्द सुंदर आहे, पण गावऱ्हाटीत मानपानही आलं. कोणाचा नारळ आधी, कोण पायरीखाली उभं राहणार, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. बाहेरच्याने आदर कोणाचा करायचा, मानकऱ्यांचा की पायरीखालच्यांचा? ज्या घरात तो जेवतो तिथल्या बाईचं नाव तरी त्या ऱ्हाटीत असतं का?

मालवणची_सून
मी त्याच घरातली बाई आहे. ताटं मीच वाढते. आणि 'होमस्टे' नाही हं, आमच्या पाटीवर 'घरगुती राहण्याजेवणाची सोय' असंच लिहिलंय. पर्यटन महामंडळ त्याला 'निवास व न्याहारी' म्हणतं, पण न्याहारीवर कोण थांबतंय, दोन्ही वेळा मासे लागतात.
शब्द आमचा आहे, त्यातलं काय ठेवायचं ते आम्ही बघू.

आजीचा_नातू
रहाटी हे विहिरीच्या रहाटावरून आलं ना? रहाट मूळचा संस्कृत 'अरघट्ट'. फिरत राहतं ते चाक, तशी गावाची ऱ्हाटी. म्हणूनच रहाटगाडगं.

शुद्धमती
मुळीच नाही. 'राहाटणे' म्हणजे वागणे हे जुन्या मराठीतलं स्वतंत्र क्रियापद आहे. जगरहाटी त्यावरूनच. तुमच्या चाकाचा काही संबंध नाही.

आजीचा_नातू
माझी आजी सांगायची.

सडाफटिंग
आमच्याकडे रहाट नव्हताच, मोट. म्हणजे आम्हाला वागणूकच नाही?

बाणकोटी
😂 मोट घाटावर. आमच्या वाडीत रहाटाला रेडा जुंपायचे. आणि त्या चाकाला गाडगी नव्हती, लोटे म्हणायचे.

मालवणची_सून
लोटे कसले? आमच्याकडे मडकीच.