मदत हवी आहे: कर्ज कंपनीतून माहिती फुटली, कायद्याने काय मागता येईल?

उंबरठा (धागाकर्ता)
एका बिगर-बँक कर्ज कंपनीची ईमेल आली आहे. त्यांच्या यंत्रणेत बाहेरचे कुणी शिरले आणि ग्राहकांची नावे, मोबाइल, पॅन, बँक खाते क्रमांक व आधारची प्रत 'बाहेर गेली असण्याची शक्यता' आहे, एवढेच त्यात लिहिलंय. पैसे अजून गेलेले नाहीत. भरपाई मागता येते का, आणि कुणाकडे? आत्ता काय केले नाही तर नंतर अडेल?

वकिली चष्मा
आज लागू असलेले कलम म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे ४३अ. कंपनीने सुरक्षेत हयगय केली आणि त्यातून तुमचे नुकसान झाले, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. नुसती माहिती फुटली, यावर दावा टिकणे अवघड. शिवाय कलम फक्त संवेदनशील माहितीपुरते आहे. २०११ च्या नियमांनुसार पासवर्ड, बँक खाते व कार्डाचा तपशील, बायोमेट्रिक्स त्यात येतात; नाव, पत्ता, मोबाइल नंबर येत नाहीत. तुमचा खाते क्रमांक गेलाय, त्यामुळे तुम्ही त्यात बसता. अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करायचा. तेच न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. त्यावर अपील टीडीसॅट या दिल्लीतल्या दूरसंचार वाद न्यायाधिकरणाकडे.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातल्या २५० कोटींच्या दंडाकडे बघून आशा लावू नका. तो दंड सरकारजमा होतो, ग्राहकाला त्यातला रुपयाही मिळत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील आणि त्याच वेळी ४३अ वगळले जाईल. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातातले भरपाईचे कलमच काढून घेणे हा माझ्या मते सरळ अन्याय आहे. एक सुधारणा मात्र खरी: काय फुटले, कधी फुटले, परिणाम काय होऊ शकतात आणि आपण काय करावे, हे प्रत्येक बाधित ग्राहकाला विनाविलंब कळवणे तेव्हा बंधनकारक होईल.

खातेवही
पैसे गेलेच, तर पहिला प्रश्न बँकेशी येईल, कंपनीशी नाही. खात्यातून परस्पर पैसे गेल्यावर ग्राहकाची जबाबदारी किती, याचे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेले नियम वाचून ठेवा. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच आहे, अशा वेळी व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तुमची जबाबदारी शून्य. संदेश आला तो दिवस धरायचा नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. त्यापुढे बँकेचे धोरण.

तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर असते. लोक हरतात ते ओटीपीवर. कर्ज कंपनीचे नाव आणि तुमचा खरा खाते क्रमांक सांगून फोन येतो, माणूस विश्वास ठेवतो, ओटीपी देतो. मग बँक तुमचीच हयगय दाखवते आणि तक्रार करेपर्यंतचे नुकसान तुमच्या माथी येते. म्हणून कंपनीची ती ईमेल जपा, हेडरसकट (ती कुठून, कधी आली हा तपशील). माहिती दुसरीकडून फुटली याचा तोच तुमचा पुरावा. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन, बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लेखी.

कागदी पुरावा
आजच करायची कामे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: माझी नेमकी कोणती माहिती गेली, कोणत्या तारखांदरम्यान, ती एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात बंद) होती का? 'शक्यता आहे' या उत्तरावर थांबू नका. नंतर हयगय दाखवायला हीच पत्रे लागतात.

पॅन आणि आधार दोन्ही गेलेत, म्हणजे तुमच्या नावावर कर्ज उचलले जाण्याचा धोका सर्वात मोठा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चौघा कंपन्यांकडून वर्षातून प्रत्येकी एक अहवाल फुकट मिळतो. चारही एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एक घ्या. अनोळखी कर्ज दिसले तर त्याच दिवशी हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावरची सिमकार्डेही बघून घ्या.

उंबरठा
कंपनीने उत्तरच दिले नाही तर? रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे जाऊ?

वकिली चष्मा
एका वेळी नको. तोच वाद आयोगापुढे किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही. सगळ्या छोट्या कर्ज कंपन्या त्याच्या कक्षेत येत नाहीत, तेवढे आधी तपासा. तिथे समाधान झाले नाही तर 'सेवेतील त्रुटी' म्हणून जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि लोकपालाकडे गेलेला वेळ त्यातून आपोआप वजा होत नाही. ईमेलची तारीख आत्ताच लिहून ठेवा.