१८८१ साली डॉलरच्या नोटेवर कृष्णवर्णीयाची सही?

अभ्यासिका_सदाशिव: राज्यसेवेची तयारी करतोय. काल चहाच्या टपरीवर वाद झाला. रूममेट म्हणतो, १९६० च्या आधी अमेरिकेत कृष्णवर्णीयांना राजकारणात कुणी विचारत नव्हतं. मग हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटर कसे झाले? आणि पुढे माशी कुठे शिंकली?

नोटावाले_काका: यादवी युद्धानंतर दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं, म्हणून मुक्त झालेल्या गुलामांना मत देता आलं. सिनेटरना तेव्हा राज्यांची विधिमंडळं निवडायची. मिसिसिपीने रेव्हल्सना पाठवलं. तिथेही फाटे फुटलेच. म्हणे नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ ची, सिनेटरला तर नऊ वर्षांचं नागरिकत्व हवं! शेवटी ४८ विरुद्ध ८ मतांनी आत घेतलं.

मला मात्र नेमणुकांचं जास्त कुतूहल. (बँकेतून निवृत्त झालो, जुन्या नोटांचा नाद काही सुटला नाही.) ब्लँच ब्रूस जन्माने गुलाम. सिनेटची मुदत संपल्यावर १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डनी त्यांना 'रजिस्टर ऑफ द ट्रेझरी' (सरकारी खजिन्याच्या हिशेब-नोंदींचा अधिकारी) नेमलं. त्या काळच्या नोटांवर खजिनदार गिलफिलनच्या सहीसोबत 'बी. के. ब्रूस' स्पष्ट वाचता येतं.

पुढे दक्षिणेत मतदान कर, साक्षरता परीक्षा आणि निव्वळ दहशत यांनी मतं हिरावली. १९०१ ते १९२९ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एकही कृष्णवर्णीय नाही. रजिस्टरची खुर्ची मात्र १८९८ ते १९१३ सलग कृष्णवर्णीयांकडेच: लायन्स, व्हर्नन, नेपियर. कारण साधं. रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींची मतं लागायची.

पर्वतीकर: म्हणजे शोभेची पदं. तोंडाला पानं पुसली.

गंजपेठी: आपल्याकडे जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते, तेही सरकारनियुक्त. म्हणून काय शोभेचे होते?

नोटावाले_काका: पर्वतीकर, नुसती शोभा असती तर दक्षिणेतल्या सिनेटरांनी एवढं आकांडतांडव केलं असतं का? १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सननी याच पदासाठी आधी अ‍ॅडम पॅटरसन या कृष्णवर्णीय वकिलाचंच नाव पाठवलं होतं. गोऱ्या बायका याच्या हाताखाली काम करणार का, म्हणून गहजब झाला. पॅटरसननी नाव मागे घेतलं. जागी आले गेब पार्कर, चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीचे.