वळवाचा गार वारा आणि शीत आघाडी

मे महिन्यात सोलापुरात वळवाच्या आधी जो गार वारा सुटतो तीच शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, असं एकांनी लिहिलंय. तसं नाही. तो वारा वळवाच्याच ढगातून येतो. खालच्या कोरड्या हवेत पावसाची वाटेतच वाफ होते, त्याने हवा गार आणि जड होऊन खाली आदळते नि चहूकडे पसरते. म्हणून आधी धुळीचा लोट, पत्र्यांचा खडखडाट, गच्चीवरचे कपडे शेजारी, आणि मग टपोरे थेंब. तास-दीड तासात खेळ खलास, वर पुन्हा उकाडा!

शीत आघाडी शेकडो किलोमीटर लांब असते. थंड हवा उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते. दोन हवांमधल्या सीमेचा चढ आघाड्यांच्या मानाने तीव्र, साधारण 50 ते 100 किलोमीटरला 1 किलोमीटर. त्यामुळे उबदार हवा झपाट्याने उचलली जाऊन अरुंद पट्ट्यात जोरदार सरी कोसळतात. आघाडी येईपर्यंत वायुदाब उतरतो, गेली की चढतो, वारा दिशा बदलतो आणि गारठा मुक्कामाला राहतो.

आपल्याकडे आघाडीची ती रेघ टिकून पोचत नाही. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली) उत्तर भारतावरून सरकले की मागून उत्तरेचे कोरडे वारे येतात, तेवढाच आपला वाटा. सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर निघतात ते त्यांच्यामुळे. त्यात बंगालच्या उपसागराकडून बाष्प आलं तर ढगांमुळे रात्रीचा पारा उलट चढतो, आणि ज्वारीवाले चिकटा (मावा किडीचा चिकट स्राव) पडतोय का ते बघायला रानात जातात.