म्हातारा जादूगार सगळीकडे तोच, मग जुनाच का भिडतो?

पानवेडा: टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परत वाचतोय. नंतरच्या कितीतरी फँटसीत तोच दाढीवाला जादूगार, तोच खेड्यातला पोरगा, तोच काळा सम्राट, पण वाचून काहीच हलत नाही आत. असं का होतं?

रात्रवाचक: कारण टोल्किन मुळापाशी गेलाय. त्याच्या जादूगाराचं गॅन्डाल्फ हे नावच जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललंय, आणि टोपी-काठी घेऊन भटकणारा म्हातारा म्हणजे नॉर्स देव ओडिन. नकलाकार फक्त दाढी घेतात.

सावलीतली: मला तर शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो, नायक फ्रोडो ऐन वेळी हरतो, जी नष्ट करायला निघाला ती जादूची अंगठी माझीच म्हणतो, आणि नंतर घरी आला तरी जखम भरत नाही म्हणून शेवटी जहाजातून कायमचा निघून जातो, हे कोण लिहितं आता? नायक जिंकला, राज्याभिषेक झाला, संपलं.

पानवेडा: हो!! हे लक्षातच नव्हतं आलं.

रात्रवाचक: उर्सुला ले ग्विनची १९६८ची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही फँटसी कादंबरी पण वाच. त्यातला तरुण जादूगार गेड मागे लागलेल्या सावलीला मारत नाही, तिला स्वतःचंच नाव देतो. अंगावर काटा येतो अजून.